सव्वा किलोचा हिशेब

वर्तमानपत्रातील गुन्हेवृत्ते नियमाने वाचणाऱ्या वाचकाच्या ध्यानात एक विसंगती केव्हा ना केव्हा आलेली असते. सव्वा किलो गांजा बाळगल्याचा आरोप ज्याच्यावर शाबीत झाला, त्याला न्यायालय १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी देऊ शकते, परंतु अमुक इतकी दिलीच पाहिजे असे बंधन न्यायाधीशावर नसते. तेवढ्याच वजनाचा चरस ज्याच्या पिशवीत सापडला, त्याला मात्र १० वर्षांहून कमी शिक्षा देण्याची मुभाच कायद्याने ठेवलेली नाही, आणि ती २० वर्षांपर्यंत जाऊ शकते. महाशिवरात्रीस दुधात घोटली जाणारी भांग, जी त्याच झाडाची पाने होत, ती तर या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येबाहेरच राहते. झाड एकच आणि वजनही एकच असता हा भेद कोठून आला? त्यातच, ज्या देशांत या झाडाचा व्यापार कायदेशीर झाला आहे तेथील अर्कांच्या डब्यांवर, तो अर्क कोणत्या वाणापासून काढला त्याचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते. तेव्हा त्या नावाला काही अर्थ आहे की ती केवळ दुकानदारी आहे, हा दुसरा प्रश्न पहिल्याला येऊन चिकटतो.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या झाडाच्या मादी फुलावरील सूक्ष्म ग्रंथींत आहेत, आणि ती समजून घेण्यास वर्धा जिल्ह्यातील वाचकास फार दूर जावे लागत नाही. हिंगणघाटला किंवा पुलगावकडे एखाद्या जिनिंगमध्ये ऐन हंगामात घटकाभर उभा राहिलेला मनुष्य अर्धे उत्तर आधीच पाहून आलेला असतो.

राळ कोठे तयार होते

गांजाच्या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. नराच्या फुलांतील पराग वाऱ्यावर उडतो व मादीच्या मंजिरीवर जाऊन बसतो. या मंजिरीतील इवल्या पानांवर, ज्यांच्या कुशीत पुढे बी धरते, भिंगाखाली पाहिले असता असंख्य बारीक देठ उभे दिसतात आणि प्रत्येक देठाच्या टोकाला एक गोल, पारदर्शक, चकाकणारे डोके असते, ज्याचा व्यास एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी भरतो. हीच राळग्रंथी. तिच्या बुडाशी असलेल्या पेशी राळ तयार करतात आणि वरच्या पातळ पापुद्र्याखाली ती साठवतात. पापुद्रा फुटला की बोटाला चिकटते ती ही राळ. पानांवर अशा ग्रंथी विरळ असतात, देठावर त्याहून विरळ, बियांत तर मुळीच नसतात. भांग सौम्य व गांजा तीव्र असण्याचे कारण एवढेच आहे.

या राळेत दोन तऱ्हेची द्रव्ये असतात. पहिली सुगंधी व उडून जाणारी, ज्यांना टर्पिन म्हणतात. मिरीत, लिंबाच्या सालीत, चिडाच्या लाकडात जी असतात त्यांतलीच काही येथेही आढळतात. दुसरी जड, न उडणारी, कॅनाबिनॉइड या वर्गातली. त्यांपैकी अंमल आणणारे द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, ज्याला संक्षेपाने टीएचसी म्हणतात. मौज अशी की जिवंत झाडात हे टीएचसी जवळजवळ नसतेच. झाड बनवते ते त्याचे आम्लरूप, आणि त्याला अंमल नाही. चिलमीतील विस्तवाने किंवा भांडे चुलीवर चढवल्याने त्या आम्लातील कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटून जातो, तेव्हा कोठे टीएचसी तयार होते. शिवाय राळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून भांग भाजून वा उकळून दूध-तुपात घोटण्याची जुनी रीत ज्यांनी बसवली, त्यांना रसायनशास्त्राचे नाव ठाऊक नसले तरी त्यातला कार्यकारणभाव अनुभवाने चांगलाच उमगलेला होता.

असेच अनुभवसिद्ध ज्ञान गांजा पिकवणाऱ्यांपाशीही होते. पराग बसलेली मादी आपली शक्ती बी धरण्यात खर्च करते. पराग न मिळालेली मादी नवी नवी फुले काढीत राहते आणि त्यांवर राळ साचत जाते. यास्तव नरझाडे ओळखून फुले उमलण्यापूर्वीच ती उपटून टाकणे हे गांजाच्या शेतीतले मुख्य कसब होते. बंगालमधील नौगाव भागात या कामासाठी ‘पोद्दार’ नावाचे तज्ज्ञ ओळीओळीने शेत तपासत फिरत. वर्धा जिल्हा ज्या मध्यप्रांतात मोडत असे, तेथे इंग्रजी अमलात गांजाची परवानगीची लागवड निमाड जिल्ह्यातील खंडवा तहसिलीपुरती मर्यादित केलेली होती आणि तेथला माल सरकारी देखरेखीखाली जिल्ह्याजिल्ह्यांच्या परवानाधारक दुकानांत जाई. मुंबई इलाख्यात अशी शेती प्रामुख्याने नगरकडे होती. हा सारा व्यवहार १८९३-९४ सालच्या चौकशी कमिशनच्या दप्तरात नोंदलेला आहे. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील त्या कमिशनने सुमारे १२०० साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल सादर केला. माफक सेवनाने बहुतेकांना विशेष अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरे, हा त्यांचा निष्कर्ष. सरकारी कमिशनांविषयी आपल्याकडे जी अप्रीती आहे ती बाजूस ठेवून वाचावा, असा हा अहवाल आहे.

रुई, सरकी आणि चरस

आता जिनिंगकडे वळू. कापूस यंत्रात पडतो तेव्हा चामड्याने मढवलेला रोलर तंतू आपल्याकडे ओढून घेतो, पोलादी सुरीच्या धारेशी सरकी अडते आणि वरखाली हलणारी दुसरी सुरी तिला झटकून खाली पाडते. एका बाजूला रुईचा पांढरा पट्टा बाहेर येतो, दुसऱ्या बाजूला सरकीचा ढीग. शंभर किलो कापसात रुई निघते ती साधारण एक तृतीयांश. यंत्राने रुई निर्माण केली असे कोणी म्हणत नाही. जे बोंडात होते त्यातून नको ते वजा केले, एवढेच त्याचे कर्तृत्व.

चरस म्हणजे हेच वजा करणे. कुलूच्या डोंगरातील मलाण्यात ताज्या मंजिऱ्या तळहातांत चोळून हाताला चिकटलेली राळ खरवडून घेतात. मध्य आशियातील यारकंदकडे वाळलेली झाडे झोडपून त्यांची भुकटी चाळणीतून गाळत, आणि तो माल लेहच्या मार्गाने घोड्या-तट्टांवर लादून पंजाबात येई. हाताने चोळलेल्या मालात पानांचा चुरा व घामही येतो, चाळलेल्यात धूळ येते. पण दोहोंत राळेचे प्रमाण मूळ मंजिरीपेक्षा कितीतरी वाढलेले असते.

कापसाची गोष्ट येथे संपत नाही. सरकी घाण्यात पिळली तरी ढेपेत तेल उरते, ते काढण्यासाठी सॉल्व्हंट प्लँट असतात. तेथे सरकीच्या चुऱ्यावरून हेक्झेन नावाचे द्रावक फिरवतात, तेल त्यात उतरते, मग उष्णतेने हेक्झेन उडवून पुन्हा गोळा करतात आणि मागे तेल राहते. परदेशातील कारखान्यांत गांजाचा अर्क काढतात तो तंतोतंत याच तत्त्वावर. द्रावक कोठे ब्यूटेन असते, कोठे अल्कोहोल, कोठे प्रचंड दाबाखाली द्रवासारखा वागणारा कार्बन डायऑक्साइड. द्रावक निघून गेल्यावर जे उरते ते काचेसारखे ठिसूळ असेल तर त्याला शॅटर म्हणतात, मेणासारखे असेल तर वॅक्स. द्रावक न वापरता केवळ उष्णता व दाबाने पिळून काढले तर रोझिन. झाड न वाळवता तोडल्याबरोबर गोठवून अर्क काढला असता उडून जाणारी सुगंधी द्रव्ये बरीचशी टिकतात, त्या मालाला लाइव्ह रेझिन हे नाव आहे. नावे नवी असली तरी विद्या नवी नाही. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ साली गांजाचा अल्कोहोलमधील अर्क धनुर्वातादी रोगांवर वापरून पाहिला व आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि तेथून तो अर्क विलायतेच्या औषधकोशात गेला.

फरक पडला तो प्रमाणात. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या गांजातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ च्या सुमारास शेकडा ४ होते, ते २०१४ पर्यंत शेकडा १२ झाले. हल्लीच्या अर्कांत ते शेकडा ६० पासून ९० पर्यंत आढळते. आणि अर्क करताना केवळ टीएचसीच एकवटते असे नाही. झाडावर फवारलेले कीटकनाशक राळेत उतरले असेल तर तेही एकवटते, आणि द्रावक पुरते उडाले नसेल तर तेही आत राहते. ब्यूटेनचे आणखी एक भय आहे. तो हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो, वास येईतो खोली भरलेली असते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. घरगुती अर्काच्या नादात भाजलेल्यांची संख्या अमेरिकेतील रुग्णालयांना चांगली परिचयाची आहे. २०१९ साली तेथेच बॅटरीवर चालणाऱ्या नळीतून असला अर्क ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना विचित्र विकार जडू लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्ण नोंदले गेले व ६८ दगावले. तपासाअंती मुख्य दोष ठरला तो अर्क पातळ व स्वस्त करण्यासाठी मिसळलेल्या व्हिटॅमिन-ई ॲसिटेटचा. म्हणजे भेसळीचा, जो रोग व्यापाऱ्यांच्या जगात सर्वांत जुना आहे.

चौकट : कायद्यातील वजने

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याची वा फळे धरलेली मंजिरी. मंजिरीसोबत नसलेली पाने व बिया तीत येत नाहीत. चरस म्हणजे कोणत्याही स्वरूपात वेगळी काढलेली राळ, आणि द्रवरूप अर्क म्हणजे हशीश तेलही चरसाच्याच व्याख्येत मोडते.

गांजा १ किलोच्या आत असल्यास ‘अल्प’, २० किलोंच्या वर गेल्यास ‘व्यापारी’. चरस किंवा अर्क १०० ग्रॅमच्या आत असल्यास अल्प, १ किलोच्या वर गेल्यास व्यापारी.

अल्प प्रमाणास १ वर्षापर्यंत कैद. मधल्या प्रमाणास १० वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणास किमान १० व कमाल २० वर्षे, आणि जामीन मिळणे दुरापास्त.

वाणाने काय ठरते

हिंगणघाटच्या कापसाने एके काळी विलायतेच्या बाजारात नाव कमावले होते. त्यामागे ‘बनी’ हा वाण होता: तंतू लांब व मऊ, पण रुईचा उतारा कमी. अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या काळात सरकारने त्यासाठी कापूस-कमिशनर नेमला, शुद्ध बियाण्याची खटपट केली. परंतु आखूड धाग्याची ‘जरी’ काटक होती, रुईचा उतारा अधिक देत होती, आणि शेतकऱ्याने आपला हिशेब करून हळूहळू तीच पेरली. मालात मिसळ होऊ लागली आणि हिंगणघाटचे नाव तसेच राहून आतला कापूस बदलत गेला. नाव आणि बियाणे यांची अशी फारकत होते तेव्हा नाव हे ओळखीचे साधन राहत नाही, विक्रीचे साधन होते.

गांजाच्या वाणांचे आज हेच झाले आहे. वाणाने खरोखर ठरते ते असे: राळग्रंथीत प्रथम एक मूळ आम्ल तयार होते. ते उचलून एक विकर टीएचसीचे आम्ल बनवते, दुसरे विकर कॅनाबिडायॉलचे, म्हणजे सीबीडीचे, ज्याला अंमल नाही. झाडाला आईबापांकडून पहिले विकर मिळाले की दुसरे की दोन्ही, यावर ते झाड नशेचे, बिननशेचे की मिश्र हे ठरते. ही आनुवंशिक बाब आहे. खत, पाणी, ऊन यांनी राळेचे मान कमीअधिक होईल, पण बिननशेचे झाड नशेचे होणार नाही. सुगंधी द्रव्यांचे मिश्रणही बहुतांशी वाणावर अवलंबून असते. म्हणून उत्पादक आवडलेल्या मादीझाडाच्या फांद्या लावून तेच झाड पिढ्यान्‌पिढ्या चालवतात, कारण बी धरू दिले तर गुण विस्कटतात.

सिद्धांत येथवर निर्दोष आहे. व्यवहार तसा नाही. हिंदुस्थानातून गेलेल्या नमुन्यांवरून लामार्कने १७८५ साली ‘इंडिका’ ही जात लिनियसच्या ‘सटायव्हा’हून वेगळी मानली, आणि त्या दोन नावांवर पुढे बाजाराने एक संपूर्ण पुराण रचले, की इंडिकेने सुस्ती येते व सटायव्हाने तरतरी. १९९० च्या दशकात हॉलंडमध्ये गाजलेल्या ‘व्हाइट विडो’ या वाणाचा एक पूर्वज दक्षिण हिंदुस्थानातला असल्याचे त्याचे विक्रेते सांगतात. अशा वंशावळी किती विश्वासार्ह असतात? २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी गांजाचे ८१ व धाग्याच्या कामी येणाऱ्या भांगेचे ४३ नमुने घेऊन त्यांची जनुके तपासली, तेव्हा शंभर टक्के सटायव्हा म्हणून मिरवणारा एक जमैकी वाण शंभर टक्के इंडिका म्हणवणाऱ्या एका अफगाणी वाणाशी जवळजवळ एकरूप निघाला. उलट एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यांत पुष्कळदा मेळ नव्हता.

अर्काच्या बाबतीत हे कोडे आणखी गमतीदार होते. राळ जितकी शुद्ध करावी तितका वाण तिच्यातून निघून जातो. लाइव्ह रेझिनमध्ये मूळ झाडाचा गंध बऱ्यापैकी शिल्लक असतो. पण ऊर्ध्वपातन करून शेकडा ९० टीएचसी असलेला अर्क काढला की तो कोणत्या झाडाचा हे सांगणे, गाळून शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलावरून सरकी बनीची होती की जरीची हे सांगण्याइतकेच अवघड. मग उत्पादक काय करतात? उडून गेलेली सुगंधी द्रव्ये बाहेरून पुन्हा मिसळतात, आणि ती गांजाचीच असतात असे नाही. इतर वनस्पतींतून मिळालेल्या त्याच द्रव्यांचे ठरीव मिश्रण करून वाणाचे नाव त्यावर लावतात. डब्यावरील नावाची किंमत यावरून वाचकाने ठरवावी.

मेंदूतील कुलूप

टीएचसीची रचना १९६४ साली इस्राएलमधील मेशूलम व गाओनी यांनी निश्चित केली. त्यापूर्वी १८९६ मध्ये केंब्रिजच्या रसायनज्ञांनी चरसातून एक द्रव्य वेगळे केले होते, पण ते निघाले टीएचसी जुने होऊन बिघडल्यावर तयार होणारे कॅनाबिनॉल. साठवणीतला माल निःसत्त्व का होतो, याचे उत्तर नकळत हाती लागले ते असे. १९८८ साली मेंदूतील ज्या ग्राहकांवर टीएचसी बसते ते सापडले, आणि १९९२ मध्ये मेशूलम यांच्याच प्रयोगशाळेत, त्या ग्राहकांसाठी शरीर स्वतः बनवते ते द्रव्य मिळाले. त्याचे नाव आनंदामाइड. हे ग्राहक स्मृती, हालचाल, भूक व भय यांच्या केंद्रांत दाट आहेत, श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या मुळाशी विरळ. अफूच्या अतिरेकाने श्वास थांबतो तसा गांजाने सहसा का थांबत नाही, हे यावरून कळते.

धूर फुप्फुसातून रक्तात जातो तो काही मिनिटांत मेंदूला पोचतो. भांग मात्र पोटात जाऊन, यकृतातून रूपांतरित होऊन, तास-दोन तासांनी चढते, आणि म्हणूनच ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेणाऱ्याची फजिती होळीच्या दिवशी पाहायला मिळते. अर्काची गोष्ट निराळी आहे: एका दमात पूर्वीच्या अनेक चिलमींचा ऐवज आत जातो आणि शरीराला थांब म्हणण्यास अवधी उरत नाही. युरोप व ब्राझीलमधील ११ ठिकाणी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेकडा १० हून अधिक टीएचसीचा माल दररोज घेणाऱ्यांत तीव्र मनोविकाराचे प्रमाण कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळले. सर्वच दोष गांजाचा, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही, कारण मुळात अस्वस्थ माणूसच अशा वाटेला अधिक जातो; तथापि वय जितके कोवळे व माल जितका तीव्र तितका धोका मोठा, याविषयी वैद्यांत फारसा मतभेद नाही.

कायद्याचा तराजू

आता सव्वा किलोकडे परत येऊ. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात मंजिरी व राळ यांवर निर्बंध आले, पाने व बिया वगळल्या गेल्या, आणि जुन्या चालीरीती बंद करण्यास २५ वर्षांची सवलत मिळाली. आपला १९८५ चा कायदा त्या मुदतीच्या अखेरीस झाला. भांग सुटली ती या वगळणुकीमुळे. ती सर्वस्वी मोकळी मात्र नाही, कारण राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याच्या पुण्याईने दारूबंदी आहे, शेजारच्या यवतमाळात नाही. गांजाचा कायदा केंद्राचा असल्याने दोहोंस सारखाच.

व्यापारी प्रमाण ठरवताना गांजाच्या मानाने चरस वीसपट जड धरलेला आहे, आणि ज्या काळी गांजात शेकडा ४-५ टीएचसी असे, त्या काळच्या हिशेबाने शुद्ध अर्काशी हे गणित बरोबर जुळते. हाताने चोळलेल्या चरसाशी ते जुळत नाही, आणि अल्प प्रमाण ठरवताना तर हाच भेद दहापटीवर कसा आला, याचा उलगडा रसायनशास्त्राकडे मिळत नाही. मध्यंतरी २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, वजन करावे ते मिश्रणातील शुद्ध द्रव्याचे, असा निर्वाळा दिला होता. २००९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण मुद्देमालाचे वजन धरावे असे ठरवले, आणि २०२० मध्ये हिरासिंग खटल्यात न्यायालयाने तीच भूमिका उचलून धरली. त्यामुळे पंचनाम्यात वाणाचे नाव लागत नाही व टीएचसीचे प्रमाण शिक्षेच्या मापात धरले जात नाही. माल राळ आहे की मंजिरी, आणि काटा किती दाखवतो, एवढेच पाहिले जाते. परदेशातून विमानाने आणला जाणारा, बंद खोलीत पाण्यावर वाढवलेला, शेकडा २० टीएचसीचा ९०० ग्रॅम गांजा कायद्याच्या दृष्टीने अल्प प्रमाण ठरतो. आणि पानांचा चुरा मिसळलेल्या, त्याहून सौम्य निघणाऱ्या अकराशे ग्रॅम चरसाला १० वर्षांपासून पुढे मोजणी सुरू होते.